गोठलेले दार

मुलांनो, पाणी गोठले की त्याचा बर्फ होतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण त्या बर्फामुळे मोटारीचे दारच उघडले नाही तर?

लडाखमध्ये द्रास नावाचे गाव आहे. ते समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर वसले आहे. हिवाळ्यात तेथील तापमान कधी कधी उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते.

मोटारीच्या दाराच्या कडेला रबराची पट्टी असते. मोटार चालू असताना आतील उबेने दारावरचा बर्फ वितळतो. ते पाणी रबर आणि पत्रा यांच्या फटीत शिरते. रात्री ते गोठते आणि दार घट्ट चिकटते. जोराने ओढले तर रबर फाटते किंवा मूठ तुटते. उकळते पाणी ओतले तर काच तडकण्याची भीती असते. शिवाय तेच पाणी पुन्हा गोठते!

मग उपाय कोणता? मोटार उभी केल्यावर पट्टी कोरड्या फडक्याने पुसावी. तिच्यावर सिलिकॉनचा पातळ थर लावावा. मग पाणी रबरावर टिकत नाही. तरीही दार अडकले, तर ते आधी आत दाबावे. त्यामुळे बर्फाला तडे जातात. मग दार हलकेच ओढावे.

मध्यरात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे असेल, तर एकेक मिनिट मोलाचे असते. संध्याकाळी दोन मिनिटे फडके फिरवणाऱ्या चालकाची मोटार अशा वेळी लगेच निघते.

स्वाध्याय
१. मोटारीचे दार रात्री का चिकटते?
२. दारावर उकळते पाणी का ओतू नये?