शेवग्याचा पाला आणि पालक : सातपुड्याच्या ताटातील पोषणाचा हिशेब

रक्त वाढवायचे असेल तर पालक खावा, हा सल्ला महाराष्ट्रात शाळेच्या पुस्तकापासून दवाखान्याच्या भिंतीवरील तक्त्यापर्यंत सर्वत्र आढळतो. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठीसारख्या सातपुड्यातील गावात मात्र पालक ही बाजारातून विकत आणायची भाजी आहे, आणि अंगणात वाढणाऱ्या शेवग्याचा पाला हाताशी असूनही त्याच्या शेंगांना जेवढा मान मिळतो तेवढा पानांना मिळत नाही. राजवाडी होळीसाठी काठीचे नाव दूरवर पोहोचले आहे, परंतु त्याच डोंगरपट्ट्यात बालकांचे कुपोषण, गरोदर स्त्रियांमधील रक्तक्षय आणि सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार हे आरोग्याचे गंभीर प्रश्न आहेत. अशा ठिकाणी कोणती भाजी अधिक पौष्टिक हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देणेही योग्य ठरत नाही.

आकडे काय सांगतात

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थांचे पृथक्करण दिले आहे. त्यानुसार १०० ग्रॅम कच्च्या शेवग्याच्या पाल्यात सुमारे ६.४ ग्रॅम प्रथिने असतात, तर तितक्याच पालकात ती २.१ ग्रॅम असतात. कॅल्शियम शेवग्यात सुमारे ३१४ मिलिग्रॅम आणि पालकात ८२ मिलिग्रॅम, लोह अनुक्रमे ४.६ आणि ३ मिलिग्रॅम, तर 'क' जीवनसत्त्व १०८ आणि ३० मिलिग्रॅम आहे. बीटा-कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर दृष्टीसाठी आणि रोगप्रतिकारासाठी आवश्यक असलेले 'अ' जीवनसत्त्व तयार करते तो रंगद्रव्य घटक, शेवग्यात पालकाच्या पाचपटींहून अधिक आढळतो. फोलेट या 'ब' गटातील जीवनसत्त्वाबाबत मात्र हे चित्र उलटते, कारण पालकात ते सुमारे १४२ मायक्रोग्रॅम असून शेवग्यात केवळ ४३ मायक्रोग्रॅम आहे.

या आकड्यांचा अर्थ लावताना पाण्याचे प्रमाण विसरून चालत नाही. पालकाच्या वजनात सुमारे ९० टक्के पाणी असते, तर शेवग्याच्या पाल्यात ते ७६ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून पाणी वगळून उरणाऱ्या घन भागाचा हिशेब केला तर लोहाच्या बाबतीत पालकच पुढे जातो आणि प्रथिनांमधील अंतरही बरेच कमी होते. शेवग्याला चमत्कारी झाड ठरवणाऱ्या जाहिरातींत हा मुद्दा सहसा येत नाही. तरीही व्यवहारात ताजी भाजीच खाल्ली जाते, आणि ज्या बालकाचे पोट लहान असते व जे एका वेळी चार घासच खाऊ शकते, त्याच्या दृष्टीने कमी वजनात अधिक पोषण देणारी भाजी अधिक मोलाची ठरते. शेवग्याच्या पाल्याचे खरे सामर्थ्य या दाटपणात आहे.

पोटात गेलेले आणि अंगी लागलेले

अन्नात एखादे पोषकद्रव्य किती आहे आणि त्यातील किती भाग आतड्यांतून रक्तात शोषला जातो, या दोन वेगळ्या बाबी आहेत. वनस्पतिजन्य अन्नातील लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही आणि त्याचा साधारणपणे दहावा भाग किंवा त्याहून कमी अंशच रक्तापर्यंत पोहोचतो. चहातील टॅनिन आणि धान्य-डाळींतील फायटेट हे घटक लोहाला बांधून ठेवतात आणि हे प्रमाण आणखी घटवतात, तर लिंबू, आवळा व ताजी फळे यांतील 'क' जीवनसत्त्व ते वाढवते. सातपुड्यात घरोघरी होणारे आमचूरही येथे उपयोगी पडते. उन्हात वाळवल्यामुळे त्यातील 'क' जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होत असले, तरी त्यातील सेंद्रिय आम्ले टिकून राहतात आणि ती धान्यातील लोह व जस्त विरघळण्यास मदत करतात. म्हणून भाजी किंवा डाळ शिजत आल्यावर तिच्यात आमचूर घालण्याच्या जुन्या पद्धतीला पोषणशास्त्राचाही आधार आहे. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच कोरा चहा घेण्याची सवय मात्र सोडावी आणि दोहोंमध्ये किमान एक तासाचे अंतर ठेवावे.

कॅल्शियमच्या बाबतीत हा भेद अधिक स्पष्ट दिसतो. पालकात ऑक्झॅलेट नावाचे क्षार मोठ्या प्रमाणात असतात आणि ते कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारे संयुग तयार करतात. त्यामुळे पालकातील कॅल्शियमपैकी अवघा ५ टक्के भाग शरीराला मिळतो, तर दुधातील कॅल्शियमपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग शोषला जातो. शेवग्याच्या पाल्यात ऑक्झॅलेट तुलनेने कमी असल्याने, ज्या घरांत दुधाचा वापर कमी आहे तेथे कॅल्शियमसाठी पालकावर विसंबण्यापेक्षा शेवग्याचा पाला, तीळ आणि नाचणी यांचा आधार घेणे अधिक योग्य आहे.

सिकलसेल आणि फोलेट

आकड्यांत शेवगा बहुतेक ठिकाणी वरचढ ठरत असला, तरी फोलेटच्या बाबतीत पालकाचे वैशिष्ट्य काठी परिसरासाठी विशेष महत्त्वाचे आहे. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस टिकतात, परंतु सिकलसेलच्या रुग्णांत त्या विळ्याच्या आकाराच्या होऊन १० ते २० दिवसांत नष्ट होतात आणि अस्थिमज्जेला सतत नव्या पेशी घडवाव्या लागतात. या घडणीसाठी फोलेट अपरिहार्य असल्यामुळेच अशा रुग्णांना डॉक्टर फॉलिक अॅसिडची गोळी देतात. गर्भधारणेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाच्या मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या वाढीसाठीही हेच जीवनसत्त्व लागते. पालक, मेथी, चवळी आणि विविध डाळी यांतून ते मिळते. मात्र आहार हा गोळीचा पर्याय नसून तिला पूरक असतो.

सिकलसेलच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या रुग्णाच्या शरीरात लोह साठून यकृत व हृदयाला अपाय होऊ शकतो. या कारणाने पालेभाज्या बंद करण्याची आवश्यकता नसते, परंतु रक्तक्षय लोहाच्या अभावाने झाला आहे की सिकलसेलमुळे, याची तपासणी आधी होणे आवश्यक असते. राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून त्याअंतर्गत होणारी तपासणी, विशेषतः विवाहापूर्वी, प्रत्येक तरुण-तरुणीने करून घ्यावी.

ऋतू, जमीन आणि स्थलांतर

पौष्टिकतेच्या तक्त्यात न दिसणारा एक घटक म्हणजे उपलब्धता. पालक हे थंड हवेचे आणि नियमित पाण्याचे पीक असल्याने पावसावर अवलंबून असलेल्या डोंगरउतारावर ते बारमाही घेता येत नाही. शेवगा मात्र एकदा रुजला की कमी पाण्यात तग धरतो, छाटणीनंतर नव्याने फुटतो आणि रानभाज्या वाळून गेलेल्या कोरड्या महिन्यांतही त्याचा काही ना काही उपयोग होतो. ऊसतोडणीसाठी आणि इतर मजुरीसाठी गुजरातकडे व अन्यत्र स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना सावलीत वाळवलेली पाने बरोबर नेता येतात. अशा भुकटीत प्रथिने व खनिजे टिकतात, 'क' जीवनसत्त्व मात्र मोठ्या प्रमाणात कमी होते. शिवाय एका चमचाभर भुकटीतून सुमारे सव्वा ग्रॅमच प्रथिने मिळत असल्याने डाळ, अंडी किंवा मासे यांची जागा ती घेऊ शकत नाही.

शिजवणे आणि वाढणे

दोन्ही भाज्या चिरण्यापूर्वी धुवाव्यात, झाकण ठेवून थोडा वेळच शिजवाव्यात आणि शिजवलेले पाणी डाळीत वापरावे, कारण 'क' जीवनसत्त्व व फोलेट पाण्यात उतरतात आणि दीर्घ उष्णतेने नष्ट होतात. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालक मर्यादित खावा आणि खाताना तो उकळून त्याचे पाणी टाकून द्यावे, म्हणजे ऑक्झॅलेटचा काही भाग निघून जातो. बीटा-कॅरोटीन तेलाशिवाय नीट शोषले जात नसल्याने भाजीत थोडे तेल किंवा शेंगदाण्याचे कूट असावे. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाच्या मऊ डाळीत शेवग्याची देठरहित, पूर्ण शिजवून घोटलेली पाने थोड्या प्रमाणात मिसळावीत आणि बाळाला सवय होईल तसे प्रमाण वाढवावे.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. गरोदर स्त्रियांनी शेवग्याची साल किंवा मूळ औषध म्हणून घेऊ नये. भाजीसाठी पानांचाच उपयोग करावा.

गरोदरपणात शासकीय आरोग्यसेवेतून १८० दिवस दिल्या जाणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते, तर १०० ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात ते पाच मिलिग्रॅमही भरत नाही. म्हणून पालेभाजी वाढली या समाधानात गोळी सोडणे धोक्याचे आहे. त्याचप्रमाणे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत मिळणारे गरम जेवण प्रत्येक पात्र स्त्रीने घ्यावे, आणि त्या जेवणातील हिरव्या भाजीसाठी अंगणवाडीच्या आवारातच शेवग्याची दोन-चार झाडे लावता येतील.

या तुलनेचा निष्कर्ष असा की प्रथिने, कॅल्शियम आणि 'अ' व 'क' जीवनसत्त्वांसाठी शेवग्याचा पाला अधिक उपयुक्त आहे, फोलेटसाठी पालक श्रेष्ठ आहे आणि लोहासाठी दोघांपैकी कोणतीही भाजी एकटी पुरी पडत नाही. काठी परिसरातील कुटुंबाने शेवग्याचा पाला ताटातील नेहमीची भाजी मानावा, हिवाळ्यात बाजारात पालक व मेथी स्वस्त असताना त्या आणाव्यात आणि पावसाळ्यात ओळखीच्या रानभाज्या खाव्यात. थकवा, धाप लागणे, डोळ्यांच्या आतील कडा पांढुरक्या दिसणे किंवा सांधे वारंवार दुखणे अशी लक्षणे आढळल्यास केवळ आहार बदलून वाट पाहू नये, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या दोन्हींची तपासणी त्वरित करून घ्यावी.