शाळेतील कॅमेरे व त्यांच्या तारांची व्यवस्था

महाराष्ट्र शासनाने दि. २१ ऑगस्ट २०२४ रोजी विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेविषयी जो निर्णय काढला, त्यानंतर शाळेच्या आवारात कॅमेरे असावेत की नसावेत हा वाद फारसा उरलेला नाही. त्याच महिन्यात बदलापूर येथील एका शाळेत शिशुवर्गातील दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले होते, आणि मुंबई उच्च न्यायालयानेही त्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली होती. कॅमेरे बसवावेत एवढेच सांगून शासननिर्णय थांबला नाही. त्यांतील चित्रण आठवड्यातून किमान तीन वेळा तपासण्याचे काम त्याने मुख्याध्यापकांकडे सोपविले. म्हणजे कॅमेरा ही भिंतीवर लावून विसरून जावयाची वस्तू नव्हे. जो कॅमेरा लावलेला दिसतो परंतु प्रत्यक्षात काही पाहत नाही, तो नसलेल्या कॅमेऱ्याहून अधिक घातक होय. कारण त्याच्याकडे पाहून पालक निश्चिंत होतात, आणि शिक्षकही थोडे सैलावतात.

असा आंधळा झालेला कॅमेरा उघडून पाहिला तर पुष्कळदा त्यात काहीच बिघडलेले नसते. दोष असतो तो तारेत, जोडात किंवा वीजपुरवठ्यात. म्हणून या लेखात विचार करावयाचा तो मुख्यतः तारांचा.

शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानची स्वच्छता व शिस्त वऱ्हाडातील शिक्षकांना नव्याने सांगावयास नको. उत्सवाच्या दिवशी कितीही यात्रेकरू आले तरी रांग कोठून निघते, कोठे वळते आणि कोठे पोहोचते हे प्रथमच आलेल्या माणसासही कोणाला न विचारता कळते. तारांच्या व्यवस्थेची कसोटी हीच धरावी. तारा दिसावयास सुंदर असणे हा भाग गौण आहे. ज्याने त्या बसविल्या नाहीत अशा माणसाला, म्हणजे उद्या बदलून येणाऱ्या मुख्याध्यापकाला किंवा नव्या वायरमनला, कोणती तार कोठून निघून कोठे जाते हे पाच मिनिटांत समजले की व्यवस्था चांगली झाली असे म्हणावे.

शेगाव तालुक्यातील एखादी नेहमीची शाळा डोळ्यांसमोर आणावी. एका ओळीत चार वर्गखोल्या, पुढे पत्र्याचा व्हरांडा, टोकाला कार्यालय, समोर फाटक, एका अंगाला पोषण आहाराची खोली. कॅमेरे चार : फाटकावर एक, व्हरांड्याच्या दोन टोकांस दोन, मैदानाकडे एक. चित्रण साठविणारे यंत्र कार्यालयातील लोखंडी कपाटावर ठेवलेले. त्याच्यामागे उरलेल्या तारेची भेंडोळी, त्यांतच पंख्याची वायर, फलकाचे एक्स्टेन्शन आणि कोणाचा तरी मोबाइलचा चार्जर. व्हरांड्यातील तार पत्र्याच्या कैचीला सुतळीने बांधलेली, आणि फाटकाकडे जाणारी तार कडुनिंबाच्या फांदीवरून नेलेली. पहिल्या दिवशी पडद्यावर चारही चित्रे स्वच्छ दिसतात, आणि बसविणारा माणूस पैसे घेऊन जातो. पुढे दिवाळीनंतर फाटकाचे चित्र रात्री नाहीसे होऊ लागते.

हा रात्रीचा बिघाड शिक्षकांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. दिवसा चालणारा कॅमेरा रात्री का मिटतो? जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांना १२ व्होल्टचा पुरवठा लागतो, आणि तो कार्यालयातील पेटीतून बारीक तारांनी नेलेला असतो. बाजारात ‘थ्री प्लस वन’ या नावाने मिळणाऱ्या केबलमध्ये चित्राची एक जाड तार व तिच्यासोबत तीन बारीक तारा असतात, त्यांतूनच ही वीज जाते. फाटक कार्यालयापासून ६० मीटर दूर असेल तर वीज जाऊन परत यावयाची, म्हणून तारेची लांबी १२० मीटर धरली पाहिजे. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या शुद्ध तांब्याच्या इतक्या लांब तारेचा रोध सुमारे ४ ओहम भरतो. अंधार पडला की कॅमेऱ्यातील न दिसणाऱ्या प्रकाशाचे, म्हणजे अवरक्त किरणांचे, दिवे लागतात व त्याची विजेची मागणी वाढते. ती अर्धा अँपिअर झाली तर वाटेतच २ व्होल्ट खर्ची पडतात आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी दहाच उरतात. तार तांब्याची नसून वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ही घट ३ व्होल्टांच्याही वर जाते. मग कॅमेरा दिवे लावतो, पुरवठा बसतो, कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि रात्रभर हाच खेळ चालतो. सकाळी दहाला शाळा उघडते तेव्हा चित्र छान दिसत असल्याने कोणाला संशयही येत नाही. आठवड्यातील तीन तपासण्यांपैकी एक तरी मागील रात्रीच्या चित्रणाची असावी, ती याचसाठी.

नव्या पद्धतीत चित्र आणि वीज दोन्ही एकाच नेटवर्क केबलमधून जातात. तेथे पुरवठा सुमारे ४८ व्होल्टचा असतो. व्होल्ट चौपट झाले की तेवढ्याच कामासाठी प्रवाह चतुर्थांश पुरतो, आणि वाटेतील घटही चतुर्थांश होते. विजेचे मोठे मनोरे उच्च दाबाने वीज का नेतात, याचे उत्तर शाळेच्या व्हरांड्यातच मिळते. मात्र या केबललाही १०० मीटरची मर्यादा आहे. तिच्यापुढे जावयाचे झाल्यास मध्ये दुसरे साधन घालावे लागते. नवी खरेदी करणाऱ्या शाळेने ‘शुद्ध तांबे’ हे शब्द मागणीपत्रात स्पष्ट लिहावेत, आणि माल आल्यावर तारेचे टोक चाकूने खरवडून पाहावे. मुलामा असेल तर आत पांढुरका धातू दिसतो. थोड्या बचतीसाठी हलकी केबल घेणे हे शाळेच्या अनुदानाचे नुकसानच होय.

या केबलच्या आत आठ बारीक तारा असून त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. प्रत्येक जोडीतील दोन तारा एकमेकींस वेणीप्रमाणे पिळलेल्या असतात. हा पीळ निष्कारण नाही. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ साली पिळलेल्या तारांच्या जोडीचे पेटंट मिळविले. शेजारच्या तारांची कुरकुर टेलिफोनमध्ये ऐकू येई, ती या पिळाने पुष्कळ कमी झाली. कारण बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांना सारखाच बाधतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होऊन जातो. हेच तत्त्व आज शेगावच्या शाळेतील केबलमध्ये आहे. म्हणून टोक सोलताना पीळ गरजेपेक्षा अधिक उलगडू नये, केबल काटकोनात दुमडू नये आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने ती करकचून आवळू नये. वळण द्यावयाचे ते मनगटाभोवती बांगडी बसते तितके तरी सैल असावे. बांधण्यासाठी मुलांच्या बुटांना असते तशी वेल्क्रोची पट्टी उत्तम; ती पुन्हा सोडता येते, आणि वैशाखात पारा ४५ अंशांकडे सरकला तरी लवकर कडकून तुटत नाही.

विजेच्या मुख्य वायरी आणि या केबली एकाच पट्टीतून नेण्याची चाल सर्वत्र दिसते, ती टाकून दिली पाहिजे. एक तर चित्रात पट्टे उमटतात, आणि ही गोष्ट लहान. मोठी गोष्ट अशी की, उंदराने दोन्ही कुरतडल्या तर २३० व्होल्टचा दाब भलत्याच तारेत शिरण्याचा धोका असतो, आणि ती तार मुलाच्या हाताशी लोंबत असू शकते. दोहोंत वीतभर अंतर ठेवावे. एकीला दुसरी ओलांडावी लागलीच तर काटकोनात ओलांडावी. मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर उघडी तार मुळीच असू नये. उघड्यावरील तार पाइपातून न्यावी, झाडाच्या फांदीवरून कधीही नेऊ नये. भिंतीत शिरण्यापूर्वी तार थोडी खाली झोळीसारखी सोडून मग वर घ्यावी, म्हणजे पावसाचे पाणी त्या झोळीतून ठिबकते व आत जात नाही. एवढ्या साध्या गोष्टीने कित्येक जोड गंजण्यापासून वाचतात.

आता प्रत्यक्ष आवरण्याचे काम. ते सुटीच्या दिवशी करावे, आणि मुख्य विजेशी संबंधित भाग परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावा. कात्री हाती घेण्याची घाई मुळीच करू नये. प्रथम आहे त्या स्थितीची मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. मग प्रत्येक तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने चालत जाऊन शोधावी; पत्र्याखाली अंदाज करू नये. तार सापडली की तिच्या दोन्ही टोकांना एकच चिठ्ठी लावावी. ‘फाटक’, ‘व्हरांडा पूर्व’, ‘मैदान’ असे शब्द लिहावेत; नुसते १, २, ३ लिहिल्यास आकड्यांचा अर्थ लिहिणाऱ्याबरोबर बदलून जातो. चिठ्ठीवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, नाहीतर एका पावसाळ्यात शाई जाते. ज्या तारेला दुसरे टोकच नाही, ती मेलेली समजून काढून टाकावी. जुन्या शाळेत अशा तारा बऱ्याच निघतात. बंद पडलेल्या संगणक खोलीचे अवशेष तेच असतात. उरलेली लांबी यंत्रामागे कोंबू नये, एक-दोन हात शिल्लक ठेवून सैल वेटोळे बांधावे, कारण टोक खराब झाले तर पुन्हा कापून बसवावयास ती लागते. एका वेळी एकच तार सोडावी, लावावी, पडद्यावर चित्र आलेले पाहावे आणि मगच दुसरीला हात लावावा. सर्व एकदम सोडणाऱ्याचा दिवस संध्याकाळपर्यंत पुरत नाही.

यंत्र कपाटावरून काढून हवा खेळेल अशा, परंतु कुलूप लागेल अशा पेटीत ठेवावे. त्याच्या तारांचा नकाशा कागदावर काढून पेटीच्या दाराला आतून चिकटवावा. हा नकाशा सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांकडून काढून घेण्यास हरकत नाही. परिसराचा आराखडा, दिशा, प्रमाण ही सर्व भूगोलाची अंगे त्यात येतात. मुलांनी तारांना हात लावावयाचा नाही. पावलांनी अंतर मोजावयाचे आणि कागदावर मांडावयाचे.

गणिताचा तर सुंदर पाठ येथे आयता मिळतो. एक कॅमेरा दर सेकंदाला २० लाख बिट एवढी माहिती पाठवितो असे धरावे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला अडीच लाख बाइट झाले. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला की एका कॅमेऱ्याचे दिवसाचे २,१६० कोटी बाइट होतात, चार कॅमेऱ्यांचे ८,६४० कोटी. यंत्रातील तबकडी १ टेराबाइटची, म्हणजे १ लाख कोटी बाइटची आहे. भागाकार करा : साडेअकरा दिवस. बाराव्या दिवशी यंत्र जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहू लागते.

हा भागाकार मुलांपुरता उदाहरण असला तरी शिक्षकांसाठी त्याचा अर्थ फार गंभीर आहे. दिवाळीची सुटी याहून मोठी असते. लहान मूल आपल्यावर गुदरलेला प्रसंग त्याच दिवशी सांगेल असे नाही. कधी ते आठवड्यांनी, आजीच्या कुशीत झोपताना सांगते. तोवर चित्रण पुसले गेलेले असेल तर कॅमेरा असून नसल्यासारखा. म्हणून आपल्या यंत्रात किती दिवस राहतात हे प्रत्येक मुख्याध्यापकाने हिशेबाने व प्रत्यक्ष मागे जाऊन पडताळावे, आणि थोडे भरत असतील तर मोठ्या तबकडीची मागणी लेखी करावी. तक्रार येताच त्या काळाचे चित्रण वेगळे काढून ठेवावे व पोलिसांना कळवावे. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे कळविणे हे ऐच्छिक नाही. यंत्राचे घड्याळ बरोबर आहे ना, हेही पाहावे. त्याची बारीक बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख भलतीच होते, आणि भलत्या तारखेच्या चित्रणावर उलटतपासणीत प्रश्न उभे राहतात. तपासणीच्या दिवशी भिंतीवरचे घड्याळ आणि पडद्यावरची वेळ शेजारी ठेवून पाहण्यास अर्धे मिनिट पुरते.

कॅमेऱ्याचा डोळा कोठे नसावा, याचाही विचार तार ओढण्यापूर्वीच झाला पाहिजे. स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट दिसावी, स्वच्छतागृहाचा आतील भाग कधीही दिसू नये. मुलांचे चित्रण कोणाच्याही भ्रमणध्वनीवर पाठवू नये, गावातील समूहावर तर नाहीच. यंत्राबरोबर आलेला संकेतशब्द पहिल्याच दिवशी बदलावा. तो इतका सामान्य असतो की कोणीही दूरवरून शाळेचे अंगण पाहू शकेल.

नवा संकेतशब्द बंद लिफाफ्यात, तारांच्या नकाशाची प्रत, केबल व यंत्राची पावती, हमीची मुदत आणि तपासणीची नोंदवही एवढ्या वस्तू शाळेच्या प्रभार यादीत घालाव्यात. मुख्याध्यापकांची बदली होते तेव्हा टेबल-खुर्च्या मोजून दिल्या जातात. त्याच दिवशी जुन्या व नव्या मुख्याध्यापकांनी पेटी उघडून, चिठ्ठ्या वाचत, चारही चित्रे व मागील रात्रीचे फाटक एकत्र पाहावे आणि मग प्रभार यादीवर दोघांनी सही करावी.