अभ्यासपाठ : सोपाऱ्याचे दोन दगड



दीक्षा घेतल्यावर घरातील देव्हारा रिकामा करणे सोपे असते. त्या रिकाम्या जागी काय ठेवावयाचे हे ठरविणे कठीण. तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागते, त्रिशरण-पंचशील पाठ होते, पौर्णिमेला विहारात जाणे सुरू होते. परंतु मूल तापाने फणफणले, मुलीचे लग्न ठरले किंवा घरात पाळणा हलला की जुन्या चालीरीती मागल्या दाराने आत येतात. "एवढ्या वेळेपुरते करू" असे म्हणत आपण नवस बोलतो, गंडेदोरे बांधतो, मुहूर्त काढून आणतो. दुसरीकडे शेजारीपाजारी टोमणा मारतात, "हा तुमचा धर्म कालपरवाचा!" या दोन्ही अडचणींचे उत्तर एकाच ठिकाणी मिळू शकते. ते ठिकाण म्हणजे मुंबईचे वस्तुसंग्रहालय, आणि ते उत्तर म्हणजे तेथील संग्रहात असलेले सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे दोन तुटके दगड. आजचा पाठ त्या दोन दगडांचा आहे.

दगड कोठून आले?

काळ्या घोड्याजवळचे हे वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. जुन्या लोकांच्या तोंडी त्याचे नाव 'प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम' असे आहे. १९९८ पासून ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. आपले हे दगड मात्र परदेशातून किंवा उत्तरेतून आणलेले नाहीत. ते वसई तालुक्यातील आहेत. आज ज्याला आपण नालासोपारा म्हणतो, लोकलच्या गर्दीत ज्या स्टेशनाचे नाव रोज ऐकतो, तेच प्राचीन सोपारा, संस्कृत ग्रंथांतील शूर्पारक आणि पाली ग्रंथांतील सुप्पारक. हे मोठे बंदर होते. अपरांत म्हणजे आपली कोकणपट्टी. तिचा व्यापार या बंदरातून चाले. महावंसात असे सांगितले आहे की, अशोकाच्या काळी धम्मरक्खित नावाच्या यवन भिक्खूला धम्मप्रचारासाठी अपरांतात पाठविण्यात आले. यवन म्हणजे ग्रीक वंशाचा. धम्मात येण्यास जात किंवा जन्म आड येत नव्हता, हे त्या एका नावावरून ध्यानात घ्यावे.

पहिला दगड १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारे येथे मिळाला. त्यावर अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा काही भाग आहे. दुसरा दगड जवळच्या भुईगाव येथे १९५६ साली सापडला. त्यावर नवव्या लेखाचा भाग आहे. १९५६ हे साल आपल्याला वेगळे सांगावयास नको. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली. हा योगायोग आहे. त्याला चमत्कार मानू नये. चमत्कार मानण्याची सवय सोडण्यासाठीच तर आपण धम्मात आलो.

आठवा लेख : यात्रा कशासाठी?

अशोकाचे चौदा लेख गिरनार, कालसी, शाहबाजगढी अशा अनेक ठिकाणी खडकांवर कोरलेले आहेत. त्यामुळे सोपाऱ्याचा दगड फुटका असला तरी त्यावर पूर्ण मजकूर काय असावा हे कळते.

आठव्या लेखाचा आशय असा : पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे मौजेच्या सफरीला जात, तेथे शिकार आणि तसलीच करमणूक चाले. अशोक मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेथून त्याची धम्मयात्रा सुरू झाली. या धम्मयात्रेत तो श्रमण-ब्राह्मणांना भेटे व दान देई, वृद्धांची विचारपूस करून त्यांना धन देई, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटे, त्यांना धम्म सांगे आणि त्यांच्याशी त्याविषयी बोले.

आपल्या यात्रेचे काय? यात्रा म्हटली की आपल्याला गर्दी, नवस आणि उधारी आठवते. अशोकाच्या यात्रेत तीन कामे होती : भेटणे, देणे, विचारणे. आपणही सहल काढतो तेव्हा ही तीन कामे करावीत. संग्रहालयाला जाताना वस्तीतील एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्यावे, ज्याच्या मुलांना वह्या नाहीत त्याच्या मुलांना वह्या द्याव्यात, आणि पाहिलेल्या गोष्टीविषयी परतीच्या गाडीत एकमेकांना प्रश्न विचारावेत. एवढे केले की तीच धम्मयात्रा होते.

नववा लेख : खरे मंगल कोणते?

भुईगावचा दगड आपल्या घराच्या अधिक जवळचा आहे. नवव्या लेखात अशोक सांगतो की, लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल झाले असता, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेची मंगलकार्ये करतात; विशेषतः स्त्रिया क्षुद्र आणि निरर्थक विधी पुष्कळ करतात; त्यांचे फळ मात्र थोडे. मोठे फळ देणारे मंगल एकच, ते म्हणजे धम्ममंगल. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान, यांना तो धम्ममंगल म्हणतो.

या यादीतील पहिलीच गोष्ट पाहा : दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे. सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका सम्राटाने सांगितले की, पूजेच्या ताटापेक्षा राबणाऱ्या माणसाशी केलेले वर्तन मोठे. ज्यांचे वाडवडील पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या दारी राबले, त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. महामंगल सुत्तातही तथागतांनी हीच दिशा दाखविली आहे. खरे मंगल कोणते, या प्रश्नावर त्यांनी मुहूर्त किंवा शकुन सांगितला नाही. मातापित्यांची सेवा, पत्नी व मुलांचा सांभाळ, निर्दोष काम, कृतज्ञता यांना मंगल म्हटले. लग्नात आपण हे सुत्त म्हणवून घेतो. त्याचा अर्थ मात्र मांडवातच ठेवून घरी येतो.

आता स्वतःच्या घराकडे पाहू. लेखात आजारपण पहिले आले आहे, आणि आपल्याकडेही जुन्या चाली तेथूनच परत येतात. माझ्या वर्गातील एका मुलाला कावीळ झाली. त्याच्या घरच्यांनी आठ दिवस माळ घालणारा शोधला, उतारा टाकला, आणि मूल ग्लानीत गेल्यावर ते दवाखान्यात नेले. मूल वाचले, पण ते आठ दिवस आईच्या डोळ्यांतून अजून गेलेले नाहीत. तिला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. भीतीच्या वेळी माणूस ओळखीचा आधार धरतो. म्हणून डॉक्टरांचा पत्ता, औषधाला बाजूला ठेवलेले थोडे पैसे आणि रात्री धावून येणारा शेजारी यांची ओळख आधीच करून ठेवली पाहिजे. हेच त्या घराचे धम्ममंगल होय.

लग्नाचेही तसेच. मुहूर्त सोडला पण मानपान, बँड आणि कर्ज ठेवले, तर काय सोडले? बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या केवळ देवांची नावे गाळण्यासाठी नव्हेत, जीवनाची रीत बदलण्यासाठी दिल्या.

अशोकाने स्त्रियांचा विशेष उल्लेख केला आहे. हे वाचून पुरुषांनी हसू नये. स्त्री उपवास करीत असेल तर बहुधा नवऱ्याचे व्यसन सुटावे म्हणून करीत असते. त्या उपवासाचे कारण घरातून गेले की उपवासही जाईल. पाचवे शील पाळणाऱ्या पुरुषाने आपल्या पत्नीला शंभर नवसांतून सोडविलेले असते.

सगळे वाचावे, निवडक वाचू नये

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या लेखांत श्रमणांबरोबर ब्राह्मणांनाही दान सांगितले आहे. काही बंधूंना हा शब्द टोचतो आणि तो गाळून वाचावा असे वाटते. तसे करू नये. अशोक सर्व प्रजेचा राजा म्हणून बोलत होता, आणि जे कोरले आहे ते कोरले आहे. आपल्या सोयीचा शब्द ठेवणे व गैरसोयीचा खोडणे, हे तर आपल्या इतिहासाशी इतरांनी केले. तेच आपण करू लागलो तर फरक काय राहिला? तथागतांनी धम्माला 'एहिपस्सिक' म्हटले : या आणि पाहा. पाहावयाचे तर पूर्ण पाहावे.

दुसरे उदाहरण सोपाऱ्याच्याच स्तूपाचे. गावकरी त्या उंचवट्याला 'बुरुडराजाचा कोट' म्हणत. टोपल्या विणणाऱ्या बुरुडांचा कोणी राजा होता व हा त्याचा किल्ला, अशी समजूत होती. १८८२ साली भगवानलालांनी तो उकरला तेव्हा आत दगडी पेटी निघाली. तीत तांब्याचा करंडक व त्याच्याभोवती आठ बुद्धमूर्ती होत्या. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक होता. सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे तेरा छोटे तुकडे. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपले गेले, असे भगवानलालांनी मानले. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणेही त्यात होते. मूर्ती मात्र त्या नाण्याहून कित्येक शतकांनी अलीकडच्या आहेत. म्हणजे एवढ्या काळानंतरही या स्तूपाची काळजी घेणारे लोक सोपाऱ्यात होते. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

यावरून काय सिद्ध होते? सोपाऱ्यात धम्म होता आणि तो शतकानुशतके टिकला, हे सिद्ध होते. बुरुड राजा होता, हे सिद्ध होत नाही. ते तुकडे तथागतांच्याच पात्राचे, हेही सिद्ध होत नाही. लोकांनी ते तसे श्रद्धेने जपले एवढे म्हणता येते. आपण अमुक उपासकाचे थेट वंशज, असेही कोणता दगड सांगत नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ शोधताना बौद्ध धम्माशी तिचा संबंध मांडला, तोही पुरावे आणि तर्क पुढे ठेवून, तपासण्यास खुला ठेवून मांडला. टोमणा मारणाऱ्या शेजाऱ्याला उत्तर द्यावयास जेवढे सिद्ध आहे तेवढे पुरेसे आहे : "धम्म या मातीला परका नाही. आमची दीक्षा नवी असेल, येथला धम्म जुना आहे."

आणि तो केवळ राजांचा नव्हता. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार सामी नावाच्या सुताराने घडविले, असे तेथे कोरले आहे. कान्हेरीला कल्याणच्या सामिदत्त सोनाराने पाण्याचे टाके दिले. सोपाऱ्याच्या सातिमित भिक्खूने कार्ल्याला एक खांब दिला. हातांनी काम करणाऱ्यांची नावे येथे राजांच्या नावांशेजारी आहेत.

पाहावयास जाताना

संग्रहालयात अशोकाच्या लेखाजवळ मुलांना घाई करू देऊ नका. दगड काळा आहे, अक्षरे पुसट आहेत. डोळे स्थिरावण्यास वेळ लागतो. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. ही लिपी लोक विसरले होते. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ती उलगडली. मुलांना घरीच चार अक्षरे शिकवा : बेरजेच्या चिन्हासारखा 'क', घराच्या छपरासारखा 'ग', नुसते वर्तुळ म्हणजे 'ठ', आणि वर्तुळात टिंब म्हणजे 'थ'. मग दगडावर ती शोधावयास सांगा. आमच्या वस्तीतील एक आजी बरोबर होत्या. त्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नाही. नातवाने वहीतल्या 'क' वर बोट ठेवून तो ओळखावयास शिकविले, तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, हात जोडू का?" मी म्हटले, "जोडा आजी, पण आधी वाचा." त्यांनी ते बेरजेचे चिन्ह दगडावर शोधून काढले आणि मगच हात जोडले.

घरी करावयाचा अभ्यास

१. विहारयात्रा आणि धम्मयात्रा यांतील फरक मुलांनी आपल्या शब्दांत सांगावा.

२. गेल्या वर्षी घरात आजारपण, लग्न, बाळंतपण यांत कोणते विधी झाले व किती खर्च झाला, याची यादी नवराबायकोने एकत्र बसून करावी. त्यातील धम्ममंगल कोणते, यावर खूण करावी.

३. आपल्या तालुक्यात लेणे, स्तूपाचा उंचवटा किंवा जुना शिलालेख आहे काय, याची चौकशी करावी. सापडल्यास तेथे खणू नये, रंग लावू नये, नाव कोरू नये. पुरातत्त्व खात्याला कळवावे.

४. पुढच्या पौर्णिमेला विहारात प्रत्येक कुटुंबाने एक वाक्य सांगावे : "आम्ही हा एक निरर्थक विधी सोडला आणि त्या पैशात हे केले."

जय भीम!