उंच केलेली मालमोटार : आस व कमानी यांचा विचार

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर-गंगापूरचा कांदा व कापूस, पैठणची मोसंबी, कन्नडचे आले आणि सिल्लोडचा मका हा सर्व माल प्रथम शेतातून पक्क्या सडकेवर आणावा लागतो. गोदाकाठची काळी जमीन पावसाने फुगते व चाकास चिकटते. कन्नड व सोयगावकडे खडक आणि उतार आडवे येतात. अशा वाटांसाठी चारही चाकांना ओढ असलेली मालमोटार उपयुक्त ठरते यात शंका नाही. परंतु ती पुरेशी नाही असे समजून अधिक शक्तीचे एंजिन, मोठे टायर व उंच कमानी बसविण्याचा मोह काही मालकांना होतो. या बदलाने आस व कमानी यांवर काय ओढवते, हे पैसा खर्च करण्यापूर्वी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

आसाची दोन कामे

बैलगाडीचा आस फिरत नाही. तो केवळ भार वाहतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते. मोटारीच्या ओढीच्या आसास मात्र दोन कामे करावी लागतात. गाडीचे वजन पेलणे हे पहिले आणि एंजिनाचा पीळ चाकापर्यंत पोहोचविणे हे दुसरे. हलक्या गाड्यांत पुष्कळदा आतील फिरता दांडा, ज्यास कारागीर एक्सल म्हणतात, तोच ही दोन्ही कामे करतो. तो तुटल्यास चाक निखळण्याचा संभव असतो. जड मालमोटारींत चाकाचा तुंबा बाहेरील स्थिर कवचावर बेअरिंगांच्या आधाराने बसतो व एक्सलकडे केवळ पीळ वाहण्याचे काम राहते. अशा गाडीचा एक्सल तुटला तरी चाक जागेवर राहते. आपल्या गाडीची रचना यांपैकी कोणती, हे मालकाने प्रथम जाणून घ्यावे.

पिळाचा हिशेब

एंजिनाचा पीळ चाकाशी पोहोचेपर्यंत अनेक पटींनी वाढतो. समजा, एंजिनाचा पीळ ३०० न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये तो ४ पट, चार चाकांच्या ओढीच्या मंद गिअरमध्ये २.५ पट आणि डिफरन्शियलमध्ये पुन्हा ४ पट झाला, तर घर्षणातील घट सोडून एकूण पीळ १२,००० न्यूटन-मीटर होतो. चार चाकांत तो वाटला जातो तोवर निभावते. परंतु डिफरन्शियल कुलूपबंद असून तीन चाके चिखलात व एकच खडकावर असेल, तर त्याचा बहुतेक भाग एकाच एक्सलवर येऊ शकतो.

चिखलात चाक घसरते, तेव्हा एक्सलवरील ताण आपोआप मर्यादित राहतो. एक्सल तुटतो तो बहुधा दुसऱ्या क्षणी, म्हणजे वेगाने गरगरणारे चाक एकाएकी दगडावर पकड घेते तेव्हा. टायर मोठा असल्यास हा आघात अधिक तीव्र होतो. ७२ सें. मी. व्यासाच्या जागी ८४ सें. मी. व्यासाचा टायर बसविला, तर तेवढ्याच भाराखाली व तेवढ्याच पकडीने एक्सलवर येऊ शकणारा पीळ एक-षष्ठांशाने वाढतो.

भरीव दांड्याची पीळ सोसण्याची शक्ती त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. ३० मि. मी. ऐवजी त्याच पोलादाचा ३३ मि. मी. व्यासाचा एक्सल घेतल्यास ही शक्ती सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. हा लाभ खरा आहे; पण साखळीची एक कडी जाड केली म्हणजे ओझे पुढच्या कच्च्या कडीवर जाते. एक्सल टिकला तर डिफरन्शियलचे दाते किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटतो. शिवाय मोठ्या टायरमुळे गमावलेली ओढ परत मिळविण्यासाठी डिफरन्शियलचे ४ पटींचे प्रमाण सुमारे ४.६७ पट करावे लागते. त्याच कवचात हे साधावयाचे तर लहान दंतचक्र आणखी लहान होऊन दुबळे बनते. म्हणून आसाची खरी सुधारणा म्हणजे एक्सल, डिफरन्शियल, कवच, बेअरिंगे व ब्रेक यांचा एकत्र बदल होय. आणि त्याचा खर्चही एकत्रच धरावा.

उंची कोठे वाढते

कमानी उंच केल्याने गाडीची चौकट व हौदा वर जातो. आस मात्र जेथे होता तेथेच राहतो. चाकोरीत प्रथम अडकते ते डिफरन्शियलचे कवच, आणि ते केवळ मोठ्या टायरनेच वर येते, तेही व्यासातील वाढीच्या निम्म्याने. वरील उदाहरणात १२ सें. मी. मोठ्या टायरने आस ६ सें. मी. उंचावतो. नुसत्या उंच कमानींवर केलेला खर्च चिखलातून गाडी काढण्याच्या कामी फारसा येत नाही.

कमानीचे पाटे

कमानीचा ताठपणा पाट्यांच्या संख्येनुसार वाढतो; परंतु पाट्याच्या जाडीचा परिणाम घनाच्या प्रमाणात होतो. सात सारख्या पाट्यांत आठवा तसाच पाटा घातल्यास ताठपणा एक-सप्तमांशाने वाढतो. तेच सर्व पाटे ७ मि. मी. ऐवजी ८ मि. मी. जाडीचे केल्यास तो जवळजवळ दीडपट होतो. फार ताठ कमान रिकाम्या गाडीत चाक जमिनीवर दाबून धरत नाही. चाक उसळते, पकड सुटते आणि धक्के चौकटीस व मालास बसतात. पाटे वाढविल्याने आस, टायर वा ब्रेक यांची क्षमता तसूभरही वाढत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे.

उंचीबरोबर प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर झिजतात. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात. पुढील आस किंचित जरी फिरला, तरी वळणानंतर चाके आपोआप सरळ होण्याची ओढ कमी होते.

कलंडण्याचा धोका

दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतर १५० सें. मी. व गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सें. मी. असल्यास गाडी हिशेबाने ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडते. गुरुत्वमध्य ९० सें. मी. वर गेला की हाच कोन सुमारे ४० अंशांवर येतो. कमानी व टायर दबत असल्यामुळे प्रत्यक्षात गाडी त्याही आधी कलंडते. वळणावर बाहेर फेकणारे बल वेगाच्या वर्गाने वाढते. उंच गाडी, तिच्यावर रचलेल्या कापसाच्या गाठोड्या आणि वर बसलेले मजूर असा योग बांधावर किंवा कन्नडच्या घाटात जिवावर बेतू शकतो.

कायद्याची मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा असाच कडक अर्थ लावला आहे. म्हणून कोणताही बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

शेतकऱ्यांनी काय करावे

१. गाडीची मूळ उंची कायम ठेवावी. उत्पादकाने मान्य केलेल्या मापाचे, चिखलास योग्य अशा खोल नक्षीचे टायर वापरावेत.

२. तुटलेला वा बसलेला पाटा मूळ मापाच्याच पाट्याने बदलावा. यू-बोल्ट काही दिवसांनी पुन्हा आवळावेत.

३. कोरड्या डांबरी सडकेवर चारही चाकांची ओढ सोडवावी. ज्या गाडीत पुढील व मागील आसांमध्ये डिफरन्शियल नसते, तिच्यात वळणावर ती ओढ चालू राहिल्यास दोन्ही आसांत निष्कारण पीळ साठतो.

४. चाक गरगरू लागताच ॲक्सिलरेटर सोडावा. चाकाखाली दगड, पऱ्हाट्या किंवा फळ्या घालून गाडी सावकाश काढावी.

५. ओढा ओलांडल्यावर डिफरन्शियलचे तेल तपासावे. ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे असे समजून बदलावे.

६. जड माल तळाशी व मध्यभागी भरावा. मालावर माणसे बसवू नयेत.

७. शेतरस्त्यावर मुरूम टाकून कडेने चर काढावा. एका गाडीवर केलेला खर्च त्या गाडीबरोबर संपतो. निचऱ्याची वाट मात्र बैलगाडी, ट्रॅक्टर व मालमोटार या सर्वांच्या आसांचे रक्षण करते.