आरोग्यपाठ : मशीनवर पाठ ताणून घ्यावी का?



भाताची आवणी संपली की पाड्यांवर घरोघर एकच तक्रार ऐकू येते, "कंबर गेली." दिवसभर चिखलात वाकायचे, वर पाण्याचे हंडे आणि लाकडाची मोळी वाहायची, पाठीने सोसायचे तरी किती? अशा वेळी कोणी सांगते, "शहरात मशीनवर पाठ ताणून देतात, ऑपरेशन लागत नाही." मग त्यासाठी बैल विकण्याची किंवा कर्ज काढण्याची बोलणी सुरू होतात. म्हणून या अंकात हा उपचार समजून घेऊ.

दुखते कशामुळे?
मानेत ७, पाठीत १२ आणि कंबरेत ५ मणके एकावर एक रचलेले असतात. बहुतेक मणक्यांमध्ये एक गादी असते. तिचे बाहेरचे कडे चिवट असते आणि आत मऊ गर असतो. वाकून ओझे उचलले की गादीवरचा दाब वाढतो. कडे फाटून गर बाहेर आला व नसेला लागला, तर कळ पायात किंवा हातात उतरते.

मशीन काय करते?
रुग्णाला पट्ट्यांनी बांधून टेबलावर निजवतात. मोटार त्याची कंबर किंवा मान हळूहळू ओढते, सैल सोडते, पुन्हा ओढते. यालाच स्पायनल डीकम्प्रेशन म्हणतात. पाठीला ताण देण्याची कल्पना ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या काळापासूनची आहे. काहींना तेवढ्यापुरता आराम पडतो. पण तो टिकतो असा भक्कम पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिले. त्यात ताण देण्याचा उपचार नेहमीच्या उपचारांत धरू नये असे सांगून व्यायामाची शिफारस केली आहे. गादी सरकलेल्या पुष्कळ रुग्णांचा त्रासही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शस्त्रक्रियेविना कमी होतो.

घरी काय करावे?
१. अंथरूण धरून राहू नये. झेपेल तेवढे चालावे.
२. ओझे उचलताना गुडघ्यांत वाकावे आणि ते अंगाजवळ धरावे.
३. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून रोज करावा.

केव्हा थांबू नये?
पाठदुखीबरोबर संध्याकाळी ताप येत असेल, रात्री घाम सुटत असेल, वजन घटत असेल, तर तो मणक्याचा क्षय असू शकतो. अशी पाठ ताणणे धोक्याचे आहे. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषधे मोफत मिळतात. पायातली शक्ती गेली, लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

विचारासाठी
आपण एखाद्याला उपचारासाठी पैसे देतो, तेव्हा आधी विचारतो का : डॉक्टरांनी तपासले का? ताप येतो का? आणि ज्या विहिरीवरून ती बाई रोज दोन हंडे आणते, ती घरापासून किती दूर आहे?