भाडेकरूला हरकत घेता येते का?

प्रश्न : शहराचा सुधारित विकास आराखडा आला की वर्तमानपत्रात ‘हरकती व सूचना’ मागवणारी जाहिरात येते. आम्ही भाड्याच्या घरात राहतो, नावावर इंचभरही जमीन नाही. आम्ही हरकत घेऊ शकतो का? आणि घेतली, तर ती कोणी वाचतं का?

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन शंका आहेत. हरकत घेण्याचा अधिकार जमीनमालकाचाच असतो का, ही पहिली. सगळं ठरवून झाल्यावर लोकांना विचारण्याचा उपचार पाळला जातो का, ही दुसरी.

पहिली शंका लगेच मिटते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार कोणतीही व्यक्ती हरकत किंवा सूचना देऊ शकते. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर तुमचं नाव असण्याची गरज नाही. आणि ते योग्यच आहे. आराखडा स्वतः घरं बांधत नाही. कुठल्या जमिनीवर घरं होतील, त्यांना चटईक्षेत्र किती मिळेल, परवडणाऱ्या घरांसाठी आणि शाळेसाठी कोणता भूखंड राखला जाईल, हे तो ठरवतो. त्याचे परिणाम भाडेकरूला मालकाइतकेच, कधी जास्तच सोसावे लागतात.

दुसऱ्या शंकेसाठी मुंबईचा अनुभव पाहू. २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोक नकाशे घेऊन आपापल्या गल्लीत हिंडले, तेव्हा चुका दिसू लागल्या. वारसा यादीतल्या इमारती नकाशावर नव्हत्या, उभ्या वस्तीवरून रस्ते आखले होते. कोळीवाडे आणि गावठाणांच्या हद्दी नीट दाखवा, ही मागणीही जोरात पुढे आली. हजारो हरकती दाखल झाल्या आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने मसुदा नव्याने करायला सांगितला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, त्यावर पुन्हा हरकती घेतल्या गेल्या. मे २०१८ मध्ये सरकारची मंजुरी मिळाली, तरी काही बदल वगळून ठेवून त्यांवर परत सूचना मागवाव्या लागल्या. कारण मसुद्यात सरकारने मोठा बदल केला, तर तो लोकांसमोर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे.

आता वाचतं कोण? हरकती नियोजन समितीपुढे जातात. तिच्यात स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरणाचे जास्तीत जास्त ४ जाणकार असतात. हरकत घेणाऱ्याला तिथे म्हणणं मांडता येतं. ‘मला सुनावणी हवी आहे’ असं अर्जात स्पष्ट लिहावं. समितीचा अहवाल पुढे महापालिकेकडे आणि शेवटी राज्य सरकारकडे जातो. म्हणजे एकदा सुनावणी झाली की विषय संपला, असंही नाही.

एक गैरसमज मात्र फार नुकसान करतो. हरकती म्हणजे मतदान असं समजून सोसायटीतले सगळे एकाच मजकुराच्या छापील अर्जांवर सह्या करतात. शंभर अर्ज आले तरी मुद्दा एकच राहतो. त्यापेक्षा नगर भूमापन क्रमांक, नकाशावर काय दाखवलं आहे, जागेवर प्रत्यक्षात काय आहे आणि तुम्हाला कोणता बदल हवा आहे, एवढं लिहिलेला, फोटो जोडलेला एक अर्ज जास्त वजनदार ठरतो. जागेवरची माहिती अधिकाऱ्यापेक्षा तिथे राहणाऱ्याकडे जास्त असते, म्हणूनच तर कायदा त्याला विचारतो.

खरी उणीव वेगळीच आहे. घराची सर्वांत जास्त गरज असलेला माणूस या जाहिरातीपर्यंत पोहोचतच नाही. रोजंदारीवर जाणाऱ्याने दुपारी कार्यालयात जाऊन तांत्रिक खुणांनी भरलेला नकाशा कसा वाचावा? प्रभागात, सुट्टीच्या दिवशी, सोप्या मराठीत नकाशा समजावून सांगणारी बैठक घेणं पालिकेला जमण्यासारखं आहे, आणि तिने ते करायलाच हवं.

तुमच्यासाठी आणखी दोन गोष्टी. मसुद्याच्या आधी विद्यमान भूवापराचा नकाशा तयार होतो. तिथली चूक तेव्हाच दाखवली, तर ती मसुद्यात उतरत नाही. आणि आराखडा मंजूर झाल्यावरही एखाद्या भूखंडाचं आरक्षण बदलायचं असेल, तर कलम ३७ खाली पुन्हा सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. ती जाहिरात छोटी असते, एकाच भूखंडाची असते, आणि घरांसाठी राखलेली जागा हातची जाते ती बहुधा अशा वेळीच.