घराची दुरुस्ती : आधी वही-पेन, मग हातोडा



पाचवी ते सातवीच्या गणितात क्षेत्रफळ, शेकडेवारी, खर्चाचा हिशोब हे घटक येतात. मुलं सूत्र पाठ करतात, पण "सर, याचा उपयोग काय?" असं विचारतातच. उत्तर घरातच आहे. घराची दुरुस्ती काढली की हे सगळे घटक एकत्र कामाला येतात. आजच्या लेखात पालघर-बोईसर भागातल्या घरांच्या निमित्ताने नियोजन म्हणजे काय ते पाहू.

आधी आमचीच चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघर नवीन करायचं ठरलं. शाळेला सुट्टी म्हणून मे महिन्याच्या मध्यावर काम सुरू केलं. जुना ओटा फोडला, लाद्या उचकटल्या. जूनच्या पहिल्या पावसात मजूर भातशेतीसाठी गावी गेले आणि गवंडी एकटाच उरला. आईने पुढचे दोन महिने पडवीत स्टोव्हवर स्वयंपाक केला. ती काही बोलली नाही, पण मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं. कामात खोट नव्हती, आम्ही कॅलेंडर बघितलं नव्हतं.

१) वेळ कशी ठरवावी?
आपल्याकडे जून ते सप्टेंबर धो-धो पाऊस. ओल्या भिंतीवर पुट्टी-रंग केला तर पोपडे येतात. बांधकामावरचे बरेच मजूर जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातले. ते होळीला घरी जातात आणि पावसाला लागताच शेतीसाठी जातात. म्हणून दिवाळीनंतर काम सुरू करून होळीच्या आत मोठी कामं उरकणं सोयीचं. गिलाव्याला किमान ७ दिवस पाणी मारावं लागतं, हे दिवसही वेळापत्रकात धरा.

२) काय तोडायचं नाही?
हा सर्वात महत्त्वाचा मुद्दा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसत राहिले. काही धक्के ४ रिश्टरच्या पुढे होते. घरांना भेगा पडल्या, अनेक कुटुंबं रात्री बाहेर तंबूत झोपली. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात "हॉल मोठा करायचाय, मधली भिंत काढून टाकू" हे वाक्य सहज बोलू नये. जुन्या विटांच्या घरात बऱ्याचदा त्याच भिंतीवर स्लॅबचा भार असतो. गवंडी म्हणेल, "होऊन जाईल." तरी इंजिनिअरला एकदा दाखवाच. त्याची फी पूर्ण खर्चाच्या मानाने थोडीच असते. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल तर नुसती पुट्टी भरून रंग मारू नका, आधी कारण शोधा.

३) परवानगी
फ्लॅट असेल तर सोसायटीला लेखी कळवा. स्वतंत्र घरात बांधकाम वाढवायचं असेल तर गावात ग्रामपंचायत, पालघर शहरात नगरपरिषद इथे आधी चौकशी करा.

४) कामाचा क्रम
तोडफोड → नळ व वायरिंगसाठी भिंतीत खाचा → वीटकाम → गिलावा → न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग (पाणी साठवून १-२ दिवस गळती तपासणे) → लादी → दारं-खिडक्या → रंग.
क्रम चुकला की नवी लादी फोडून पाईप टाकावा लागतो. पैसे दोनदा जातात.

५) हिशोब
समजा खोली १० × १२ फूट, उंची १० फूट.
• चार भिंती : २ × (१० + १२) × १० = ४४० चौ. फूट
• दार (७ × ३) = २१, खिडकी (४ × ४) = १६
• रंगाचं क्षेत्रफळ : ४४० − ३७ = ४०३ चौ. फूट
• जमीन : १२० चौ. फूट. २ × २ फुटाची लादी ४ चौ. फुटाची, म्हणजे ३० लाद्या. कापाकापी आणि फुटतूट धरून १०% जास्त = ३३ लाद्या.
रेती मोजताना १ ब्रास म्हणजे १०० घनफूट हे लक्षात ठेवा. सिमेंटची गोणी ५० किलोची. ती दमट हवेत लवकर खराब होते, म्हणून लागेल तशीच आणा, आधी साठा करू नका.
एकूण खर्चाच्या १० ते १५ टक्के रक्कम बाजूला ठेवा. जुनी भिंत उघडली की आत काय निघेल सांगता येत नाही. हे पैसे कोणाला सांगू नका, गवंडीदादांना तर नाहीच!

वर्गातील उपक्रम
१. मुलांनी टेपने घरातली एक खोली मोजावी व वरीलप्रमाणे हिशोब करावा.
२. आजी-आजोबांना विचारावे : पूर्वीच्या कारवीच्या कुडाच्या घराची दुरुस्ती कधी व कशी होत असे? (बऱ्याच मुलांना समजेल की ते लोकही पावसाआधीच शाकारून घ्यायचे.)
३. मजुरांच्या सण-शेतीच्या दिवसांचे वर्षभराचे कॅलेंडर बनवावे.

शेवटी एकच. घर दुरुस्त करताना आपण त्यातच राहत असतो. म्हणून स्वयंपाक कुठे होणार, मुलं अभ्यास कुठे करणार, म्हातारी माणसं धुळीत कुठे झोपणार, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लादीचा रंग दुसऱ्या पानावर चालेल.

तुमच्या वर्गात उपक्रम कसा झाला ते जरूर कळवा.